पेटीवरची खस

जरीपटका, नागपूर
८ मे १९८५

चि. प्रेमिला हिस आईचा जयभीम.

तू पाठवलेलं मासिक पोचलं. आत चिठ्ठी असेल म्हणून पाकीट उलटं करून झटकलं. नव्हती. असू दे. लेखाखाली तुझं नाव छापलेलं आहे, ते मी दुकानातल्या बायकांना दाखवलं. फॉल लावता लावता एकीने विचारलं, "तुमची पोरगी पाऊसपाण्याचं भविष्य सांगते का?" मी म्हटलं, भविष्य नाही, गणित. तिला दोन्ही सारखंच.

लेख मी तीनदा वाचला. अडलेले शब्द वाचनालयातल्या कोशात बघितले. मला कळलं ते असं. परदेशातल्या मोठ्या संगणकाने सगळ्या पृथ्वीचे चौकोन पाडले आहेत. आपला चौकोन अमरावतीपासून पार रायपूरपर्यंतचा, आणि त्या सगळ्याला उद्याच्या उन्हाचा आकडा एकच. म्हणजे कोराडीची राख, जरीपटक्याचा बाजार आणि कुहीची धानाची बांधी, सगळ्यांना एकच ऊन. हे तुला पटलं नाही. म्हणून तू एकेका गावातल्या थर्मामीटरच्या पेटीचे जुने आकडे घेतलेस, त्याच दिवसांच्या चौकोनाच्या आकड्याशेजारी मांडलेस आणि चौकोन असा वागला की गाव कसं वागतं, ते शोधून काढलंस. आता उद्याचा मोठा आकडा आला की तू त्यातून त्या गावाचा आकडा काढतेस. तयार कपड्याऐवजी ज्याच्या त्याच्या अंगाचं माप. बरोबर ना? चुकलं असेल तर कळव. रागाने कळवलंस तरी चालेल.

दोन गोष्टी विचारायच्या आहेत. तू लिहिलंस, कुहीच्या सरकारी बंगल्यातल्या पेटीचा आकडा उन्हाळ्यात नागपूरपेक्षा तीन-चार अंशांनी कमी राहतो, बहुधा तिथल्या तळ्या-बोड्यांमुळे. मी तिथे संसार केला. वैशाखात बोडीत म्हशीला बसायला पाणी नसतं. पण गणितातलं मला काय समजतं. दुसरं, एका दिवसाचा आकडा नव्हता तिथे "आजूबाजूच्या दिवसांची सरासरी भरली" असं लिहिलं आहेस. नसलेला दिवस असा भरता येतो का?

कालव्याच्या कामावर या उन्हाळ्यात तुझा आकडा वापरून बघणार, हेही वाचलं. चव्वेचाळीस किंवा वर असेल त्या दिवशी काम अकराला बंद. कोणता कालवा ते मला सांगायला नको. तुझे बाबा त्याच कालव्याच्या मोजणीवर होते आणि तिथल्याच उन्हाने गेले. कागदावर हृदय बंद पडलं एवढंच आलं. तेव्हा तू म्हणालीस, उन्हाने माणूस मरतो हे ज्यांना कबूल नाही त्यांच्यात मी राहणार नाही. तू गेलीस. मी राहिले. त्याचा तुला राग आहे, मला माहीत आहे.

बाबांसाठी हे केलं, असं लेखात कुठे नाही. मला ते दिसलं.

तुझी आई,
बायजा

*

कुही
१४ मे १९८५

प्रेमिला,

हे पोस्टात बसून लिहिते आहे. तार केली आहे, ती आधी मिळेल. तारेत जास्त लिहिता आलं नाही.

दरवर्षी बाबांच्या या तारखेला मी इथे येते. कालव्याच्या काठी ती बाभूळ आहे, तिच्याखाली मेणबत्ती लावते. आज पिशवीतून काढली तेव्हाच ती वाकली होती. सरळ करायला गेले तर बोटांना चिकटली. मी तशीच आडवी पेटवली.

मागे आवाज झाला. घमेलं पडल्याचा. वळून बघितलं तर एक बाई मातीच्या ढिगावर बसली होती. बसली असंच मला वाटलं. मग ती कलंडली.

तिचं नाव कौशल्या. मला नंतर कळलं. नवरा कवडू, तोही तिथेच खणतो. मी तिचा हात धरला. हाताला घाम नव्हता. उन्हात ठेवलेल्या तव्यासारखी चामडी. मी असा हात एकदाच धरला आहे.

मी ओरडले, पाणी आणा. वामनराव मुकादम आला. वाईट माणूस नाही तो. छत्री धरली त्याने. पण म्हणाला, "बाई, तहसिलीच्या चिठ्ठीवर एकेचाळीस हाय. एकेचाळिसात कोणी पडते का? सकाळी जेवून आली नसन."

कवडू म्हणाला, "जेवली ना गा. माह्यासमोर जेवली."

"मंग पित्त असन."

ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत घालून कुहीच्या दवाखान्यात आणलं. डोकं माझ्या मांडीवर होतं. वाटेतच गेली. कवडू विचारत होता, "झोपली का वं बाई, झोपली का?" मी हो म्हटलं.

ट्रॉली निघाली तेव्हा मी त्या फळ्याकडे बघितलं. मजुरांसाठी लावला आहे. त्यावर खडूने ४१ लिहिलं आहे. मला वाटलं आपण आकडा चुकीचा वाचतो आहोत. पुन्हा वाचला.

तो तुझा आकडा आहे ना, प्रेमिला? मी कुणाला सांगितलं नाही.

आई

*

जरीपटका, नागपूर
१६ मे १९८५

चि. प्रेमिलास,

परवाचं पत्र कसं लिहिलं ते मला आठवत नाही. अक्षर लागलं नसेल तर माफ कर. आता जे लिहिते ते नीट बसून लिहिते आहे, कारण तुला त्यावर काही करायचं आहे.

त्या रात्री भागीरथाकडे राहिले. धोंडबाची बायको. धोंडबा बंगल्याचा चौकीदार, तुला लहानपणी खांद्यावर बसवून बोडीवर न्यायचा तो. पेटीचे आकडे तोच घेतो. सकाळी उठून अंगणात आले तर वास आला. ओल्या खसाचा. मला बरं वाटलं, म्हटलं म्हातारपणी यांनी खिडकीला ताटी लावली. खिडकीकडे बघितलं तर खिडकी उघडीबोडकी.

ताटी पेटीला होती.

तू ती पेटी आकड्यांतच बघितली असशील. पांढरी, फटीफटींची, चार पायांवर उभी, दार उत्तरेला. दार सोडून तिन्ही बाजूंनी खसाची ताटी सुतळीने आवळलेली. वर छपरावर मडकं, मडक्याला भोक, भोकात चिंधी. पिंडीवर धरतात तशी धार. पाणी ताटीवर झिरपून खाली टपकत होतं आणि तेवढ्याच मातीवर हिरवं गवत उगवलं होतं. साऱ्या आवारात दुसरीकडे कुठे हिरवं नाही.

मी म्हटलं, "धोंडबाभाऊ, हे काय?"

"खस हाय, वहिनी. चैतातच बांधली."

"पेटीला काहून?"

"मंग तिले ऊन लागते ना."

"तिचं कामच ऊन मोजायचं आहे."

"ते मोजतेच. मी रोज उघडून पाहतो." मग त्याने दार उघडून मला आत दाखवलं. "हे पाहा, चार काचा हायेत. सायबानंच या एकीले ओलं फडकं बांधून देलं. तिच्या वाटीत रोज पाणी टाकाले सांगते. मंग एकीलेच काहून? बाकीच्या काय सावत्र हायेत?"

भागीरथा चुलीजवळून म्हणाली, "घरच्या खिडकीले ताटी नाई अन् डब्ब्याले हाय. मी मरून राहिली गर्मीनं. याले डब्ब्याची कीव येते."

"तू बोलतं तरी. थे बोलत नाई."

मला हसू आलं. खोटं कशाला लिहू, आलं. मग कौशल्याचं डोकं मांडीवर होतं ते आठवलं आणि मी तिथेच पायरीवर बसले. पेटीला ताटी. पेटीचा आकडा कमी. त्या आकड्यांवरून तुझं माप. त्या मापावरून फळ्यावरचा खडू. मी पुन्हा पुन्हा तेच मोजत होते आणि दर वेळी शेवटी कौशल्याच येत होती.

तपासायला येणारे साहेब थंडीत येतात. तेव्हा ताटी काढलेली असते. म्हणून कुणाला दिसलं नाही. त्याने लपवलं नाही, प्रेमिला. कुणी विचारलंच नाही.

मी त्याला ताटी काढायला सांगितली. तो नाही म्हणाला. कधी नव्हे ते नाही म्हणाला. मी विचारलं, हे किती वर्षांपासून. त्याने सांगितलं. ते पुढे कधी लिहीन.

तू आधी आकडा थांबव. नवतपा पंचवीस तारखेला लागतो. ते सर्वांत कडक उन्हाचे नऊ दिवस तुला माहीत आहेत.

आई

*

जरीपटका, नागपूर
२२ मे १९८५

प्रेमिला,

तुझं पत्र परवा सकाळी मिळालं. सुरुवातीला "आई" असं लिहिलं आहेस. आधी तेवढंच वाचून पत्र काही वेळ ठेवून दिलं.

पुढचं वाचलं. सांगोवांगी आकडा मागे घेता येत नाही, वरचे विचारतील, पुरावा लागेल. बरोबर आहे. ताटी किती वर्षांपासून आहे ते नक्की कळव, दोन-तीन वर्षांची असेल तर तेवढी काढून टाकून उरलेल्यांवरून माप पुन्हा काढता येईल. हेही बरोबर आहे.

आधी पुरावा. मी परवाच दुपारी पुन्हा कुहीला गेले. धोंडबा ताटीला हात लावेना, म्हणून मीच सुतळी कापली. तो आत जाऊन भिंतीकडे तोंड करून बसला. मडकं उतरवलं, गवतावरचं पाणी सुकू दिलं. काल दिवसभर पेटी कोरडी उभी होती. दुपारी मी त्याला हाताला धरून बाहेर आणलं, कारण ते वाचायचं काम त्याचंच. तो बराच वेळ बघत राहिला. मग म्हणाला, "सेहेचाळीसच्या वर गेली वहिनी. ही अशी कधी जात नाई." कालव्यावरच्या फळ्यावर काल बेचाळीस लिहिलं होतं. वामनरावाला मी तिथे आणून दाखवलं. त्याने स्वतः आत डोकावून बघितलं. त्याने कागदावर लिहून सही केली आहे, तो कागद सोबत जोडते. सही करताना तो एवढंच म्हणाला, "पित्त नोतं मंग." मी कागद घडी घालून पिशवीत ठेवला.

आता वर्षं.

हे मला तुला सांगायचं नव्हतं. धोंडबाने माझे पाय धरले, पोरीले सांगू नका म्हणाला. गेल्या पत्रात म्हणूनच लिहिलं नाही. पण तू दोन-तीन वर्षं काढून बाकीच्यांवर भरवसा ठेवशील आणि तिथे पुन्हा माणूस पडेल.

सगळीच वर्षं, प्रेमिला. पेटी बसली १९७३च्या थंडीत. ताटी बसली त्याच वर्षीच्या मे महिन्यात. तुझे बाबा गेले त्याच्या दुसऱ्या दिवशी.

धोंडबाने सांगितलं ते त्याच्याच शब्दांत लिहिते. माझ्या शब्दांत मला ते जमत नाही.

"आनंदराव बाभळीखाली पडले तं मी बंगल्यावर धावलो पाण्याले. घागर अन् फडकं घेऊन आलो. डोकं धोंड्यासारखं तापलं होतं. ओलं फडकं ठेवलं, तं लगेच सुकलं. दुसऱ्यांदा भिजवलं तोपर्यंत माणूसच नोता. दुसऱ्या दिवशी दुपारी पेटी उघडली. कोरड्या काचेचा पारा कुठच्या कुठं. अन् तिच्या बाजूले फडक्यावाली, थे किती खाली. मी पाहतच राहिलो वहिनी. एवढंसं फडकं. एवढ्यानं होत होतं. त्याच दिवशी खस बांधली. आता एकबी काच तापू नाई देणार म्हटलं."

मी ऐकलं तेव्हा रडले नाही. आजही रडू येत नाही. बारा वर्षं तो माणूस तुझ्या बाबांच्या कपाळावर पाणी टाकतो आहे. आणि तू तिकडे बसून, तेच कपाळ डोळ्यांसमोर ठेवून, त्याच पाण्याचं गणित मांडत होतीस. दोघंही एकाच माणसासाठी. मधे कौशल्या उभी होती, हे तुम्हा दोघांना कसं दिसणार.

तुझं गणित खोटं नाही. त्याला आपण जे दाखवलं तेच ते शिकलं. पण कुहीचं माप आता कुठूनही निघणार नाही. ताटीआधीच्या उन्हाळ्याचे तेवढेच काही आठवडे खरे. तुला हे वाचून काय होईल, ते मला कळतं. मला जवळ असायला हवं होतं.

पंचवीस तारखेला नवतपा लागतो. कवडू तेराव्याला थांबला नाही, परत कामावर जातो आहे. घरात दोन लेकरं आहेत.

तू काय करायचं ते तूच ठरव. मी फक्त सगळं सांगितलं.

आई

*

जरीपटका, नागपूर
३१ मे १९८५

चि. प्रेमिलास आईचा जयभीम.

चोवीस तारखेला संध्याकाळी तहसिलीत फोन आला आणि सकाळी फळा पुसलेला होता. तुझं नाव कुणी घेतलं नाही. वामनराव मजुरांना म्हणाला, "आकडा बंद झाला. आता दहाले सुट्टी, नवतपा संपेपर्यंत." एकजण म्हणाला, "सरकारले उशिरानं घाम सुटला." सगळे हसले. कवडू हसला नाही, पण दहाला तोही घमेलं ठेवून निघाला. मी बाभळीखाली उभी राहून बघत होते. तो सावलीतून वस्तीकडे जाईपर्यंत बघत होते.

नवतपा अजून उरला आहे. आतापर्यंत कुणी पडलं नाही.

तुझं मोठं पत्र मिळालं. वरचे तुला म्हणाले, एका खेड्याच्या पेटीसाठी एवढा गवगवा नको, गुपचूप आकडा बदलू. तू नाही म्हणालीस. त्याच मासिकात, स्वतःच्या नावाने, कुहीचा आकडा चूक होता आणि त्याने काय झालं ते लिहिणार आहेस. दुसऱ्या सगळ्या गावांच्या पेट्या उन्हाळ्यात जाऊन डोळ्यांनी बघितल्याशिवाय कुठलाच आकडा सोडणार नाहीस. पोरी, लोक बोलतील. बोलू दे. तुझे बाबा गेले तेव्हा कुणीच काही लिहिलं नव्हतं. कौशल्याचं कुणीतरी लिहील.

धोंडबाचं नाव लिहू नकोस, अशी विनंती मी करणार होते. ती तू आधीच मानली आहेस. तू त्याच्यासाठी लिहिलेल्या चार ओळी मी त्याला वाचून दाखवल्या. "काका, तुमच्यावर माझा राग नाही" इथपर्यंत आले तेव्हा तो उठला आणि म्हशीला पाणी दाखवायला गेला. म्हैस त्याने कधीच विकली आहे.

परत आला तेव्हा म्हणाला, "वहिनी, पेटीवर पाणी टाकाचं नाई म्हणता. मंग मी सकाळी उठून कुठं टाकू?"

भागीरथाच म्हणाली, "कालव्यावर ने ना गा. तिथं जित्ती माणसं हायेत."

आता तो रोज घागरी आणि फडकी घेऊन बाभळीखाली बसतो. पेटीवरची जुनी ताटी त्याने तिथेच चार काठ्यांना बांधली आहे. काम करणाऱ्यांना पकडून पकडून डोक्यावर ओलं फडकं ठेवतो. बायका चिडवतात, "बुवा, लग्नाले उभं करून राहिले का?" तो म्हणतो, "उभी राह्य, मंग पाहू." पेटीकडे दिवसातून एकदाच जातो. उघडतो, वाचतो, लिहितो, पुन्हा लावतो. पेटी तशी उघडी बघायला त्याला जड जातं. मलाही.

तू शेवटी एकच विचारलंस. ताटीआधीचे दिवस खरे, म्हणजे चौदा मे १९७३चा आकडाही खरा असणार. बाबा गेले त्या दिवशी खरंच किती ऊन होतं? तुझ्याकडे त्या दिवसाचा आकडाच नाही.

मी धोंडबाला विचारलं. त्या संध्याकाळी तो पेटीकडे गेलाच नव्हता. तुझ्या बाबांजवळ बसला होता, आपण दोघी येईपर्यंत. दिवसाचा सर्वांत वर गेलेला पारा धरून ठेवणारी एक काच असते, ती दुसऱ्या सकाळी वाचून तापाच्या थर्मामीटरसारखी झटकायची असते, म्हणजे नवा दिवस सुरू होतो. त्याने आदल्या दिवशीचा पारा बघितलाच नाही. डोळे मिटून झटकला. म्हणाला, "मले नोता पाहाचा वहिनी. किती होतं थे कळून काय करू?"

म्हणजे तू लेखात जो एक दिवस आजूबाजूच्या दिवसांच्या सरासरीने भरलास, तो तोच दिवस. तो का रिकामा, ते तुला माहीत नव्हतं. मीही वाचून पुढे गेले होते.

तेरा मे होता आणि पंधरा मे होता, प्रेमिला. त्या दोघांच्या मधे जे झालं ते त्यांच्या सरासरीत नाही. नव्याने सगळं मांडशील तेव्हा ती जागा भरू नकोस. रिकामी ठेव. कुणी विचारलं तर सांग, त्या दिवशी आकडा घेणारा माणूस दुसऱ्या माणसाजवळ बसला होता.

तुझी आई,
बायजा